सहाव्या वर्षाची दाढ

शास्त्रभाग : नीतिसूत्रें २५:१९, मार्क १०:१३-१६

शलमोनानें अविश्वासू मनुष्याची तुलना मोडक्या दांताशीं केली आहे. घांस चावण्याच्या वेळींच जो दगा देतो, तो दांत असून नसल्यासारखा होय. ज्या मुलाची दाढ किडली आहे त्यास ही उपमा समजावून सांगावी लागत नाहीं. त्यास भाकर चावत नाहीं, रात्रीं झोंप येत नाहीं व शाळेंत त्याचें चित्त लागत नाहीं.

हें दुखणें थोड्यांचें नव्हे. २००२-०३ सालच्या राष्ट्रीय पाहणींत १२ वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्यांहून अधिकांचे दांत किडलेले आढळले. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या गांवांत आणि भोंवतालच्या खेड्यांतही सकाळीं चहा-बिस्किटें व शाळेच्या दाराशीं गोळ्या, हा क्रम आपण नित्य पाहतों.

दांतांत अळी शिरते ही समजूत खोटी आहे. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात, आणि तें दांताचें कठीण कवच झिजवितें. मूल वरचेवर गोड खाईल तर कवचास सांवरण्यास अवसर मिळत नाहीं. म्हणून गोड किती खाल्लें याबरोबर किती वेळां खाल्लें, हेंही पाहावें.

“दुधाचे दांत आहेत, पडतीलच,” असें पुष्कळ आईबाप म्हणतात. परंतु सुमारें सहाव्या वर्षीं या वीस दांतांच्या मागें, वर व खालीं, दोन्ही बाजूंस एकेक नवी दाढ उगवते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. वास्तविक ती कायमची आहे. ती गेली तर तिच्या जागीं दुसरी येत नाहीं. तिच्या खांचांत अन्न अडकून राहतें, म्हणून ती लवकर किडते.

उपाय सोपे आहेत. सकाळीं व निजण्यापूर्वीं फ्लोराइड असलेल्या पेस्टनें दांत घासावे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यापुढें वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. लहान मुलाचे दांत मोठ्यांनीं स्वतः घासून द्यावे. मिश्री मुलाच्या हातीं कधींही देऊं नये. ती भाजलेली तंबाखूच आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथें झाला. पालघर तेव्हां आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होतें. या कार्यक्रमांत सरकारी शाळांतील मुलांची वर्षांतून एकदां व अंगणवाडींतील मुलांची दोनदां तपासणी व्हावी अशी योजना आहे, आणि तींत दांतही पाहिले जातात. पथक येईल त्या दिवशीं मुलास घरीं ठेवूं नये. दाढेवर काळा डाग दिसला तर ठणका लागण्याची वाट न पाहतां दंतवैद्याकडे न्यावें.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. शब्बाथशाळेंत वचन पाठ म्हणणाऱ्या मुलास आपण साखरेची गोळी देतों. तीऐवजीं केळें, काकडी किंवा फुटाणे द्यावे. बालकांना आपल्याजवळ येऊं न देणाऱ्या शिष्यांवर प्रभु रागावला. त्याच्याजवळ आणलेलें बालक आपल्या हातून दुखणें घेऊन घरीं जाऊं नये.

प्रश्न
१. सहाव्या वर्षाची दाढ दुधाची कां समजली जाते?
२. आपल्या घरीं मुलें दिवसांतून किती वेळां गोड खातात?
३. आपल्या मंडळींत सहा ते आठ वर्षांचीं मुलें किती, व त्यांच्या दाढा कोणीं पाहिल्या आहेत काय?