जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार व त्याचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. पाया घालून झाल्यावर द्रव्य संपले, तर लोक हसतील. म्हणून शहाण्याने आधी बसून खर्चाचा अजमास करावा, असा त्याचा भावार्थ. जुनी मोटार पुन्हा धावती करू पाहणाऱ्यास हा दृष्टान्त तंतोतंत लागू पडतो. आमच्या वसमतेसारख्या गावी एखाद्या वाड्यात किंवा गोठ्याशेजारी आजोबांच्या वेळची गाडी गंजत उभी असली, म्हणजे घरातील मुलांस ती दुरुस्त करण्याची हौस वाटते. ही हौस स्तुत्य होय. परंतु गाडी खोलणे एका दिवसाचे काम आहे. ती जोडणे वर्षाचे. मध्येच पैसा सरला, तर उरतो तो सुट्या भागांचा ढीग. उभ्या गाडीस काही मोल येते, ढिगास भंगाराचे.

उदाहरणादाखल आपण ‘प्रीमियर पद्मिनी’ घेऊ. सोलापुरास जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ ही गाडी निघू लागली. पुढे १९७४ पासून तीच ‘पद्मिनी’ झाली. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले, व ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, कार्बोरेटरवर चालणारे तिचे इंजिन साधे आहे. म्हणून प्रथमच हे काम करणारास ती सोयीची.

पहिली पायरी कागदांची. गाडीवरील इंजिनचा व चासीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. गाडी दिवंगत आजोबांच्या नावे असेल, तर ती आधी वारसाच्या नावे करून घ्यावी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या वसमतच्या गाडीच्या नोंदीचा शोध परभणीपासून आरंभावा लागेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. मात्र अशी गाडी मूळ रूपात असावी लागते; चासी, सांगाडा वा इंजिन यांत फेरफार चालत नाही, आणि तिचा नित्य किंवा धंद्याचा वापर करता येत नाही. म्हणून कोणताही मूळ भाग टाकून देण्यापूर्वी हा नियम आठवावा.

दुसरी पायरी परीक्षेची. या गाडीस निराळी चौकट नाही. तळ, खांब व छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. तळाचा पत्रा गंजला, तर सारी गाडी दुबळी होते. पायपुसणी उचलून तळ पाहावा, दारांखालची पट्टी दाबून पाहावी, पत्र्यावरून लोहचुंबक फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे असे समजावे. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे व दुसऱ्या दिवशी हातानेच हळू फिरवून पाहावे. जे जे आढळेल, ते वहीत लिहावे.

तिसरी पायरी अंदाजपत्रकाची. गाडी घरच्यांनी फिरण्यापुरती हवी, की प्रदर्शनात मांडण्याजोगी, हे आधी ठरवावे. दोहोंच्या खर्चात मोठे अंतर पडते. नंतर प्रत्येक कामासाठी दोन गॅरेजांत दर विचारावे. केवळ हिशेब समजावा म्हणून हाती १०० रुपये आहेत असे मानू. त्यांतील २० रुपये प्रथमच बाजूस ठेवावे, कारण पत्रा खोलल्यावर आत काय निघेल ते कोणासच ठाऊक नसते. उरलेल्या ८० पैकी पत्रा व रंग ३२, इंजिन व गिअर २०, ब्रेक व टायर १४, वायरिंग व बॅटरी ६, आणि गाद्या, रबर व मुलामा ८, अशी वाटणी करावी. आपल्या गाडीची खरी वाटणी परीक्षेच्या वहीवरून ठरेल. परंतु राखीव रक्कम मात्र सोडू नये.

चौथी पायरी क्रमाची. गाडी धावण्याआधी थांबली पाहिजे. यास्तव ब्रेक प्रथम. मग इंजिन, पेट्रोलची टाकी व वायरिंग, मग पत्रा, मग रंग, सर्वांत शेवटी गाद्या. पुष्कळ जण हौसेने रंगच आधी देतात व पुढे वेल्डिंगच्या ठिणग्यांनी तो जाळून घेतात. हळद शिजवून वाळविल्यावाचून तिला पॉलिश करीत नाहीत, हे आमच्या गावच्या मुलास निराळे सांगावयास नको.

या सर्वांचे सार एका नियमात सांगता येईल: जेवढे मिटविण्याची ऐपत हाती आहे, तेवढेच उघडावे. ब्रेकचे पैसे असतील, तर ब्रेकच खोलावे. ते पुरे झाल्यावाचून इंजिनास पाना लावू नये. अशा रीतीने काम मध्येच थांबले, तरी गाडी उभीच राहते, व पुढील वर्षी तेथूनच आरंभ करता येतो. प्रत्येक भाग काढताना त्याचे छायाचित्र घ्यावे, स्क्रू डब्यात घालून डब्यावर नाव लिहावे.

पालकांस आमची एवढीच विनंती, की मुलाच्या हौसेस नकार देण्याऐवजी त्याच्या हाती प्रथम वही द्यावी. ज्या मुलाने कागद, परीक्षा, दर व क्रम हे चारही रकाने भरून आणले, त्याच्या हाती पाना देण्यास हरकत नाही. आणि हिशेबान्ती हे काम आपल्या आवाक्यातले नाही असे त्यास स्वतःस उमगले, तरी हानी काहीच नाही; गाडीवर ताडपत्री घालून ती कोरड्या जागी ठेवणे, हाही तिचा सांभाळच होय.