डब्यातला वायू थंडीत का रुसतो?

हिमालयात पदभ्रमणाला जाणाऱ्यांच्या पाठपिशवीत बहुधा वायूचा एक छोटा पत्र्याचा डबा असतो. त्याच्या तोंडावर मुठीएवढी शेगडी फिरवून बसवली, की झाली चूल तयार! पण बर्फाळ मुक्कामी पहाटेच्या वेळी ही शेगडी कधी कधी पेटता पेटत नाही. डबा हलवला तर आत द्रव डचमळतो. म्हणजे इंधन संपलेले नाही. मग ज्योत का येत नाही? प्रश्न गमतीचा वाटला, तरी तेथे तो जिवाशी खेळणारा आहे. सभोवतालचे सारे पाणी गोठलेले असते. शेगडी पेटली नाही, तर प्यायलाही पाणी नाही!

तीन वायू, तीन स्वभाव

डब्यात वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. या द्रवाची वाफ होते आणि ती स्वतःच्याच दाबाने वर येऊन जळते. द्रवाचे तापमान उत्कलनबिंदूपेक्षा जास्त असेल, तरच त्याचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्त भरतो. तो कमी पडला, तर वायू बाहेर येणार कसा? या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या तीन वायूंचे समुद्रसपाटीवरील उत्कलनबिंदू पाहा :

ब्युटेन : उणे ०.५° से.
आयसोब्युटेन : उणे १२° से. (सुमारे)
प्रोपेन : उणे ४२° से.

ब्युटेन आणि आयसोब्युटेन यांच्या रेणूंत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. फरक फक्त जोडणीचा. ब्युटेनमध्ये कार्बनची सरळ साखळी असते, तर आयसोब्युटेनमध्ये तिला फाटा फुटलेला असतो. तेवढ्यानेच उत्कलनबिंदूत सुमारे ११ अंशांचा फरक पडतो!

आता निवड सोपी वाटेल : सरळ प्रोपेनच का भरू नये? पण २०° से. तापमानाला प्रोपेनचा बाष्पदाब हवेच्या दाबाच्या आठपटींहून जास्त असतो, तर ब्युटेनचा जेमतेम दुप्पट. उन्हात तापल्यावर प्रोपेनचा दाब आणखी वाढतो. तो सोसायला जाड पोलादी टाकी हवी, आणि ती पाठीवर कोण वाहणार? म्हणून हलक्या डब्यात मुख्यतः ब्युटेन किंवा आयसोब्युटेन घेऊन त्यात थोडे प्रोपेन मिसळतात.

डबा स्वतःच थंड होतो

हातावर स्पिरिट टाकले की गार वाटते. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता ते हातातून घेते. डब्यातही तेच घडते. १ ग्रॅम ब्युटेनची वाफ होताना सुमारे ९० कॅलरी उष्णता लागते. मिनिटाला ३ ग्रॅम वायू जळत असेल, तर डब्यातून दर मिनिटाला २७० कॅलरी जातात. बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर २०० ग्रॅम इंधनाचा डबा मिनिटाला सुमारे २ अंशांनी थंड होईल. म्हणूनच सुरुवातीला जोरात पेटलेली शेगडी हळूहळू मंदावते.

दुसरी अडचण मिश्रणाची. प्रोपेन अधिक उडून जाणारे, म्हणून वाफेत त्याचा वाटा मोठा असतो. डबा अर्धा होईतो त्यातले बरेचसे प्रोपेन जळून जाते आणि मागे आळशी ब्युटेन उरते. डचमळणारा द्रव कोणता, हे आता तुम्हीच सांगाल.

उंचीची मात्र थोडी मदत होते. ५,००० मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो आणि ब्युटेन सुमारे उणे १६° से. तापमानालाच उकळू लागते. पण तेथील रात्र त्याहूनही थंड असू शकते, हे विसरू नका.

मग निवड कशी करावी?

सह्याद्रीत हिवाळ्यातही साधे ब्युटेन बहुतेक वेळा पुरेसे होते. पारा शून्याच्या आसपास जाणार असेल, तर आयसोब्युटेन आणि प्रोपेनचे मिश्रण घ्यावे. कडाक्याच्या थंडीत पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह भरवशाचा. कारण त्यातला दाब हवामानाने नव्हे, आपल्या हाताने निर्माण होतो.

किती इंधन लागेल, त्याचाही हिशेब करावा. २०° से.चे १ लिटर पाणी १००° से.पर्यंत तापवायला ८०,००० कॅलरी लागतात. १ ग्रॅम वायू सुमारे ११,००० कॅलरी देतो. म्हणजे ७ ग्रॅम पुरावा. पण बरीच उष्णता वाऱ्यावर जाते, म्हणून दुप्पट धरावा.

थंड पडलेला डबा रात्री पांघरुणात घ्यावा, किंवा वापरताना उथळ ताटलीतल्या न गोठलेल्या पाण्यात ठेवावा. असे पाणी निदान ० अंशावर तरी असते! डबा ज्योतीवर मात्र कधीही तापवू नये, तो फुटेल. बंद तंबूत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासावरून ओळखता येत नाही. हे डबे विमानात किंवा आगगाडीत नेण्यास मनाई आहे, म्हणून ते मुक्कामाजवळच विकत घ्यावेत.

करून पाहा

१. घरातल्या सिलिंडरचा वापर चालू असताना तो वरून खालपर्यंत ओल्या फडक्याने पुसा. वरचा भाग लवकर सुकतो, खालचा ओला राहतो. ही सीमारेषा काय दाखवते?

२. ० अंशावरचा १ किलो बर्फ वितळवून ते पाणी १००° से.पर्यंत तापवायला किती ग्रॅम वायू लागेल? (१ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात.) वरच्या उदाहरणाशी उत्तर ताडून पाहा.