दोन अनोळखी इसम

आमच्या गावच्या सुरक्षा मोहिमेचा बॅनर वेशीवर लागला तेव्हा त्यावर चोर एक होता आणि पुढारी अकरा. चोराच्या तोंडाला काळं फडकं, हातात टॉमी. खाली ठळक अक्षरांत ‘अनोळखी व्यक्ती दिसताच सावध व्हा’ आणि संपर्काला माझा नंबर. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान फाट्यावर आहे, रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही मीच झालो. मान मिळाला की माणूस फुगतो. मीही फुगलो.

ही २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडची गोष्ट. रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर आधी वरून घरं हेरतात, अशी चर्चा तेव्हा पुणे, नगर, बीडकडच्या गावांत जोरात होती. आमच्याकडेही लोक गच्चीवर बसून लुकलुकणारे दिवे मोजायचे. त्यातले काही विमानाचे असणार, पण तसं म्हणणाऱ्याचीच टवाळी व्हायची. तरण्या पोरांनी गस्त सुरू केली. काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या. पहिल्या दोन रात्री नुसता उत्साह होता. चौथ्या रात्रीपर्यंत पोरांना एखादा चोर सापडायलाच हवा होता.

त्या रात्री पावणेबाराला एकाचा फोन आला. पाझर तलावाकडं टेम्पो उभाय, दिवे बंद, दोघं उतरलेत. मी ग्रुपवर टाकलं, ‘तलावाजवळ दोन अनोळखी इसम. सावध राहा.’ मी स्वतः काहीच पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांत तोच मेसेज पलीकडच्या वाडीतून फिरून माझ्याकडे आला, तोवर दोनाचे पाच झाले होते आणि ड्रोनही सापडला होता.

मी पोचलो तेव्हा शे-दीडशे माणूस जमलं होतं. टेम्पोत मधमाश्यांच्या पेट्या होत्या. डाळिंबाच्या मृग बहारात परागीभवन नीट व्हावं म्हणून गावातल्याच एका बागायतदारानं त्या भाड्यानं मागवल्या होत्या. अंधार पडला की माश्या पेटीत परततात, मग दार बंद करून पेट्या हलवतात. धंदाच रात्रीचा. हे सगळं ती दोघं हात जोडून हिंदीत सांगत होती, आणि हिंदीत सांगतायत हाच जमावाला पुरावा वाटत होता. बागायतदाराचा फोन बंद. एकाच्या कपाळातून रक्त येत होतं.

कुणीतरी म्हणालं, पोलीस येईपर्यंत पंचायतीच्या खोलीत कोंडा. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. तेवढ्यात आमच्या पोलीस पाटीलबाई गर्दीतून पुढं आल्या. म्हणाल्या, “राईनपाडा विसरलात काय रे?”

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ते गाव. १ जुलै २०१८ला आठवडे बाजारात, मुलं पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच डवरी गोसावींना जमावानं धरलं. ग्रामपंचायतीच्याच खोलीत डांबलं आणि तिथंच मारून टाकलं. तेव्हा पेपरात वाचून मी म्हणालो होतो, कुठली अडाणी माणसं ही! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं जाहीर केलं. आम्हाला पाच लागलेच नाहीत, एक ग्रुप पुरला.

बाईंनी दोघांना स्वतःच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि आपण उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. आत जायचं तर बाईंना हात लावावा लागला असता. ११२ला फोनही त्यांनीच केला होता. मला तो नंबर सुचलाच नव्हता. पोलिसांची गाडी पाऊण तासानं आली. कपाळाला सहा टाके पडले.

तुमच्या गावात, सोसायटीत असं काही सुरू होत असेल, तर आधी ग्रुपचं बघा. आमच्या ग्रुपवर आता दोनच माणसं लिहू शकतात, बाई आणि मी. बाकीच्यांनी आम्हाला फोन करायचा. स्वतः काय पाहिलं, कुठं, किती वाजता, आणि बोलणाऱ्याचं नाव, हे चार नसतील तर मेसेज जात नाही. ‘अनोळखी’ हा शब्द बाद. गाडीचा नंबर सांगा, रंग सांगा, काय करतोय ते सांगा. आणि हे सगळं ११२ला कळवून झाल्यावर. खोटं निघालं तर ‘मघाचा मेसेज चुकीचा होता’ असं त्याच ग्रुपवर, त्याच रात्री, नावानिशी लिहायचं. हे फार जड जातं. मला तीन दिवस लागले होते.

गस्तीच्या पोरांची यादी ठाण्यात दिली आहे. काठ्या घरी, हातात बॅटरी आणि शिट्टी. काठी असली की हात शिवशिवतो, मी पाहिलंय.

सर्वांत उपयोगी पडली ती मात्र बाईंची दोनशे पानी वही. मेंढपाळांचा वाडा कुणाच्या रानात बसलाय, हार्वेस्टर कुणी बोलावलाय, पेट्या कधी यायच्यात, हे ज्यानं बोलावलं त्यानंच येऊन लिहून जायचं. तलावामागच्या पालावरची दोन माणसंही आता बैठकीला येतात. आधी त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, उलट मोहीम त्यांच्यावरच नजर ठेवून होती. विहिरीवरची केबल चोरणारे मागं सापडले, ते आमच्याच शिवारातले निघाले. कुठल्या विहिरीवर नवी केबल आहे हे परक्याला कसं कळणार?

यंदा त्याच बागायतदाराकडं पेट्या आल्या. टाके पडलेला आला नाही, दुसरा आला. त्यानं टेम्पो गावाबाहेर फाट्यावरच थांबवला आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा टेम्पोच्या केबिनमधला दिवा चालू होता आणि तो दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून बसला होता.