गळास लागलेला रोगी मासा

पावसाळा सरून थंडी पडूं लागली म्हणजे गांवच्या तळ्यावर गळ टाकून बसणारांची संख्या वाढते. कोणी पोटासाठीं येतो, परंतु पुष्कळजण सुटीच्या दिवशीं केवळ हौसेनें काठी, दोर व गांडुळांचा डबा घेऊन येतात. अशा एखाद्या गृहस्थाच्या गळास हातभर लांबीचा मरळ मासा लागतो, आणि कांठावर ओढून पाहतां त्याच्या अंगावर तांबडी, खोल जखम दिसते. जवळ उभे असलेले चारजण लागलींच चार मतें देतात. एक म्हणतो, "जखम कापून टाका आणि कालवण करा." दुसरा म्हणतो, "त्यास हात लावूं नका, तें विष आहे." तिसरा म्हणतो, "परत पाण्यांत सोडा, बिचारा जगेल." चौथा म्हणतो, "मला द्या, मी आपल्या विहिरींत टाकतों. तेथें तो बरा होईल."

प्रिय वाचकहो, ह्या चौघांपैकीं कोणाचें म्हणणें ग्राह्य आहे? हें ठरविण्यासाठीं प्रत्येक रोगी माशाविषयीं दोन प्रश्न निरनिराळे विचारले पाहिजेत. पहिला, हा मासा खाणारास अपाय करील काय? दुसरा, हा मासा इतर माशांस व पाण्यास अपाय करील काय? हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळेंच बहुतेक घोटाळा होतो.

१. दिसण्यांत किळसवाणे, परंतु मनुष्यास बहुधा निरुपद्रवी

माशाच्या कातडीस कधीं कधीं उवेसारखा चपटा जीव चिकटलेला आढळतो. कधीं बारीक दोऱ्यासारखा कृमि मांसांत रुतून बाहेर लोंबत असतो. हे दोन्ही जीव खेकडे व कोळंबी यांच्याच वर्गांतील आहेत. ते माशाचें रक्त व रस शोषतात. मनुष्याच्या अंगांत ते राहूं शकत नाहींत. मात्र त्यांनीं केलेल्या लहान जखमांतून दुसरे रोग माशाच्या शरीरांत शिरतात.

कांहीं माशांच्या मांसांत पिंवळ्या दाण्यांसारख्या गांठी असतात. ह्या एका चपट्या कृमीच्या बाल्यावस्था होत. तो कृमि मोठेपणीं बगळ्यासारख्या पक्ष्याच्या तोंडांत व घशांत राहतो. त्याचीं अंडीं पाण्यांत पडतात. त्यांतून निघालेला जीव पाण्यांतील गोगलगाईंत शिरतो, तेथून माशांत जातो, आणि तो मासा बगळ्यानें खाल्ला म्हणजे फेरा पूर्ण होतो. मनुष्यानें असा मासा कच्चा खाल्ल्यास घशास पीडा झाल्याचीं विरळा उदाहरणें आहेत. नीट शिजविल्यास भय नाहीं.

२. जखमांचा रोग

आपल्या मरळ माशाची गोष्ट निराळी. त्याच्या अंगावरील तांबड्या जखमांचें एक मोठें कारण म्हणजे पाण्यांतील बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव, अफॅनोमायसीस इन्व्हॅडन्स. त्याचे बीजकण पाण्यांत पोहत जातात, माशाच्या दुखावलेल्या कातडीस चिकटतात, आणि तेथून त्यांचे तंतु मांसांत खोलवर वाढतात. प्रथम तांबडा ठिपका, मग व्रण, आणि शेवटीं हाडापर्यंत कुजलेलें मांस, असा हा क्रम आहे. मासा सुस्त होऊन पृष्ठभागाजवळ तरंगत राहतो. मोठ्या पावसानंतर व पाणी थंड होतांना हा रोग विशेष जोर करितो. मरळ, मांगूर व वाम यांस तो फार पीडितो. तिलापियास सहसा होत नाहीं.

हा रोग १९७१ सालीं जपानांत व १९७२ सालीं पूर्व ऑस्ट्रेलियांत आढळला. पुढें आग्नेय आशियांतील देशांतून पसरत तो १९८८ सालीं बांगलादेशांत व आपल्या ईशान्य भारतांत आला, आणि २००६ सालीं आफ्रिकेंतील झांबेझी नदीच्या प्रदेशांत दिसला. तो आला त्या काळीं आपल्या देशांत लोकांनीं भयानें मासे घेणेंच सोडलें, आणि ज्यांचे मासे निरोगी होते अशा कोळ्यांचेंहि मोठें नुकसान झालें. वास्तविक हा जीव मनुष्याच्या शरीराच्या उष्णतेंत वाढतच नाहीं. तथापि उघड्या व्रणांत दुसरे जंतु वाढतात व मांस कुजतें. म्हणून असा मासा खाऊं नये व विकूं नये हेंच उचित. ज्याच्या हातावर कांपलें-खरचटलें असेल त्यानें तर त्यास उघड्या हातानें शिवूं नये.

३. स्वच्छ माशांतील गुप्त धोका

याच्या उलट, अंगावर डागहि नसलेला मासा कधीं मनुष्याचा घात करितो. थायलंडच्या ईशान्य भागांत व लाओस देशांत नदी-तळ्यांतील लहान मासे कच्चे चिरून, लिंबू व मिरची घालून खाण्याची चाल आहे. ह्या माशांत यकृताच्या एका चपट्या कृमीचीं पिलें असतात. तीं डोळ्यांस दिसत नाहींत, आणि लिंबाच्या रसानें मरत नाहींत. पोटांत गेल्यावर तीं पित्तनलिकांत वाढतात, वर्षानुवर्षें राहतात, आणि कित्येकांस शेवटीं तेथें कर्करोग होतो. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ह्या कृमीस कर्करोगाचें निश्चित कारण ठरविलें. मनुष्याच्या विष्ठेवाटे त्याचीं अंडीं पाण्यांत जातात, तेथून गोगलगाईंत व पुन्हा माशांत.

आपणांकडे मासा शिजवून खातात, ही मोठी सुदैवाची गोष्ट आहे. परंतु तळ्याच्या कांठीं मुलें निखाऱ्यावर मासा भाजतात, तेव्हां बाहेरून तो काळा होतो व आंत कांट्याजवळ कच्चा राहतो. आंतील मांस पांढरें व अपारदर्शक होऊन कांट्यापासून सहज सुटेल तोंवर तो शिजला असें समजूं नये. कच्चा मासा चिरलेला विळा व पाट धुतल्यावांचून त्यांवर भाजी चिरूं नये.

४. एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत

आतां दुसरा प्रश्न. नॉर्वे देशांत हौसेनें गळ टाकणारे लोक सॅमन माशासाठीं नद्यांवर जातात. तेथें १९७५ सालीं ह्या माशाच्या कातडीवर राहणारा, अर्धा मिलिमीटर लांबीचा एक कृमि आढळला. तो स्वीडनमधून आणलेल्या माशांबरोबर आला होता. मनुष्यास त्यापासून कांहींच अपाय नाहीं. परंतु सुमारें ५० नद्यांतील सॅमनच्या पिलांचा त्यानें संहार केला. तो घालविण्यासाठीं कित्येक नद्यांत औषध घालून सर्वच मासे मारावे लागले व मग नवे सोडावे लागले. म्हणून तेथें एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जातांना गळाचें साहित्य निर्जंतुक करणें किंवा पूर्ण वाळविणें भाग असतें.

ह्यावरून चौथ्या मनुष्याची चूक किती मोठी हें ध्यानांत येईल. रोगी मासा विहिरींत बरा होत नाहीं. तो विहिरीस रोगी करितो. तिसऱ्याची दया खरी, पण व्रणाचा मासा परत सोडल्यानें बीजकण वाढतात. पहिल्यानें जिभेचा विचार केला. दुसऱ्याचें कारण चुकलें, परंतु तो मासा न खाण्याचा त्याचा सल्ला बरोबर होता.

५. गळ टाकणारानें काय करावें

(१) व्रण पडलेला मासा न खातां, पाण्यापासून दूर खोल खड्ड्यांत, चुना टाकून पुरावा. कुत्र्या-पक्ष्यांपुढें टाकूं नये.
(२) एका तळ्यांतील जिवंत मासा, आमिषाचे लहान मासे किंवा पाणी दुसऱ्या तळ्यांत नेऊं नये.
(३) गळ, दोर, जाळें व पायतण धुऊन कडक उन्हांत पूर्ण वाळवावें.
(४) पुष्कळ मासे रोगी दिसल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरीस दिवस, ठिकाण व माशांचीं नांवें कळवावीं. मोकळ्या नदींत हा रोग पसरल्यावर उपाय जवळजवळ नाहींच. लहान तळ्यांत चुन्याचा उपयोग होतो, पण त्याचें प्रमाण जाणत्यांस विचारूनच ठरवावें.
(५) तळ्याच्या कांठीं शौचास बसूं नये.

पाण्याखालचा रोग गांवाच्या आधीं गळ टाकणाराच्या दृष्टीस पडतो. त्यानें वेळींच सांगितलें, तर ज्या कुटुंबाचें पोट त्या तळ्यावर आहे त्याचें वर्ष वांचतें. तो गप्प राहिला, किंवा मासा शेजारच्या गांवीं घेऊन गेला, तर दोन्ही गांवांचें नुकसान होतें.

पाठावरील प्रश्न

१. रोगी माशाविषयीं कोणते दोन प्रश्न निरनिराळे विचारावे?
२. मांसांतील पिंवळ्या गांठींचा कृमि कोणकोणत्या प्राण्यांतून फिरतो?
३. यकृताचा कृमि डोळ्यांस दिसत नाहीं, तर त्यापासून बचाव कसा करावा?
४. नॉर्वेंतील कृमि मनुष्यास अपाय करीत नसतांहि त्याचें इतकें भय कां?
५. तुमच्या तळ्यावर व्रणाचा मासा सांपडल्यास तुम्ही कोणास व काय कळवाल?