३२ जीबी रिकामे आणि तरी ‘मेमरी फुल’: नोकिया एन९७ च्या तक्रारींतून काय शिकायचं?



मागच्या व्हिडिओत आपण आपल्या मालाचं माहितीपत्रक कसं लिहायचं ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी आपापली पत्रकं मला पाठवली. त्यात एका ताईंचं पत्रक होतं, घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे त्यांचा. पत्रकावर चौदा वैशिष्ट्यं! घरचं तूप, ताज्या भाज्या, रोज वेगळी कोशिंबीर, शुक्रवारी गोड... नवव्या मुद्द्यापर्यंत मलाच भूक लागली. मी त्यांना फोन करून एकच विचारलं, “ताई, गेल्या दोन महिन्यांत ज्यांनी डबा बंद केला, त्यांनी काय कारणं सांगितली?” त्या म्हणाल्या, “काहीबाही सांगतात हो सर. प्रत्येकाचं वेगळंच. लोकांना नावं ठेवायची सवयच असते.”

“प्रत्येकाचं वेगळंच” हे वाक्य मला खटकलं. आजचा धडा त्याच्यावरच आहे, आणि त्यासाठी मी एक जुना फोन निवडलाय: नोकियाचा एन९७. टचस्क्रीन आणि सरकवून उघडणारा कीबोर्ड, दोन्ही असलेला. तुमच्यापैकी काहींनी तो वापरला असेल, काहींनी फक्त काकांच्या हातात पाहिला असेल.

आधी त्या काळातलं चित्र डोळ्यासमोर आणा. २ डिसेंबर २००८ ला बार्सिलोनात नोकियाने हा फोन जाहीर केला. तेव्हा जगात विकल्या जाणाऱ्या दर पाच स्मार्टफोनांपैकी साधारण दोन नोकियाचे असायचे. ॲपलचा आयफोन येऊन दीड वर्ष झालं होतं. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीने बनवलेला जी१, अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये दुकानात आला होता. म्हणजे नोकिया बाजारात पहिल्या नंबरवर, पण मागून पावलांचा आवाज येतोय. अशा वेळी धंदेवाला माणूस काय करतो? पत्रक लांब करतो.

एन९७ चं पत्रक खरंच लांब होतं. ३.५ इंची टचस्क्रीन. स्क्रीन सरकवली की ती तिरकी उभी राहायची आणि खालून पूर्ण कीबोर्ड बाहेर यायचा, छोट्या लॅपटॉपसारखा. कार्ल झाइसच्या भिंगाचा ५ मेगापिक्सेल कॅमेरा, त्यावर सरकतं झाकण. जीपीएस, होकायंत्र, वायफाय, थ्री-जी, नेहमीच्या हेडफोनची पिन, एवढंच काय, फोनमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर ऐकवणारा एफएम ट्रान्समीटरसुद्धा. १५०० एमएएचची बॅटरी, तीही काढून बदलता येणारी. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात: ३२ जीबी मेमरी, कार्ड टाकून ४८ जीबीपर्यंत! किंमत कर आणि सवलती सोडून सुमारे ५५० युरो सांगितली होती.

कागदावर ठेवून तुलना केली तर त्या दिवशी या फोनला तोड नव्हती, हे मी आजही मान्य करतो. जून २००९ मध्ये तो विक्रीला आला आणि पहिल्या तीनेक महिन्यांत साधारण २० लाख खपला. म्हणजे पत्रकाने आपलं काम चोख केलं. पत्रक माणसाला दुकानात आणतं. तो माणूस फोन घरी नेतो, आणि तिथून पुढे पत्रकाचा काही इलाज चालत नाही.

वापरणाऱ्यांचं म्हणणं

महिन्या-दोन महिन्यांत जे लोक बोलू लागले ते एका सुरात नव्हतं. काहींना कीबोर्ड अतिशय आवडला. बटणं पक्की होती, उघडताना येणारा खटका छान होता, लांब ईमेल लिहिणं सोपं. काही जण त्याच कीबोर्डवर वैतागले, कारण त्यात तीनच ओळी होत्या आणि स्पेसबार मधोमध नव्हता, उजवीकडे होता. डावीकडची जागा बाणांच्या बटणाने खाल्ली होती. दोन्ही अंगठ्यांनी टाइप करायची सवय असलेल्याचा डावा अंगठा सारखा रिकाम्या जागी पडायचा.

स्क्रीनबद्दल तक्रार वेगळी. ती दाबावर चालणारी होती, म्हणजे नख, काडी, हातमोजा, काहीही चालेल, पण दाबावं लागणार. आयफोनवर नुसतं बोट फिरवून आलेल्या माणसाला हे जड वाटायचं. शिवाय एक विचित्र गोष्ट होती. चिन्हांवर एकदा टेकवलं की काम व्हायचं, पण यादीतल्या ओळीवर पहिल्यांदा टेकवलं की ती फक्त निवडली जायची, दुसऱ्यांदा टेकवलं की उघडायची. कुठे एकदा आणि कुठे दोनदा हे लक्षात ठेवायचं काम गिऱ्हाइकाचं! याचं कारण असं की फोनची प्रणाली, सिम्बियन एस६०, मुळात बटणांच्या फोनसाठी घडलेली होती. टच तिच्यावर नंतर चढवला होता. जुन्या वाड्याला लिफ्ट बसवतात ना, तसं.

कॅमेऱ्याच्या सरकत्या झाकणाचीही गोष्ट मजेशीर आहे. भिंगाच्या रक्षणासाठी दिलेलं ते झाकण. पण आत धुळीचे कण अडकले की झाकण सरकताना तेच कण काचेवर ओरखडे काढायचे, आणि मग फ्लॅश लावून काढलेला फोटो धूसर यायचा. रक्षणाला ठेवलेल्याने घर लुटलं म्हणा ना!

आणि मग बाकीच्या तक्रारी. “फोन हळू चालतो.” “ब्राउझर मध्येच बंद पडतो.” “मागे चालू ठेवलेलं ॲप परत गेलो तर गायब.” “नवीन ॲप टाकता येत नाही.” “मेमरी फुल म्हणतो, पण माझे तर ३० जीबी रिकामे आहेत!”

आता मला सांगा, हा ढीग तुमच्या टेबलावर आला तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण मोजतील. कुठली तक्रार जास्त वेळा आली, तिला पहिला नंबर. मी म्हणतो, मोजू नका, आधी वाटण्या करा. स्पेसबार उजवीकडे, ही आवडीची आणि सवयीची बाब. पंधरा दिवसांत हात बसतो, किंवा नाही बसत. तिच्यापायी झोप उडवायची गरज नाही. झाकणाचे ओरखडे हा एका सुट्या भागाचा दोष, पुढच्या मालात सुधारता येतो. पण त्या शेवटच्या पाच तक्रारी पुन्हा वाचा. ऐकायला पाच आहेत. मुळाशी मात्र एक-दोनच गोष्टी आहेत, आणि त्या पत्रकावर कुठेच नव्हत्या.

माळा मोठा, ओटा अरुंद

एखाद्या स्वयंपाकघराची कल्पना करा. वर मोठा माळा आहे, तिथे वर्षाचं धान्य मावतं. हाताशी एक मांडणी आहे, तिच्यावर मीठ-मसाल्याचे डबे. आणि एक ओटा, ज्यावर प्रत्यक्ष काम होतं.

एन९७ मध्ये माळा म्हणजे ते ३२ जीबी. फोनमध्ये त्याला ‘ई’ ड्राइव्ह म्हणायचे. गाणी, फोटो, चित्रपट तिथे. मांडणी म्हणजे ‘सी’ ड्राइव्ह: फोनची स्वतःची अंतर्गत जागा. मेसेज, ब्राउझरच्या तात्पुरत्या फायली, बऱ्याच ॲपचा मुक्काम, सगळं आपोआप तिथेच जायचं. ही जागा किती? १०० एमबीसुद्धा मोकळी नसायची. ३२ जीबीच्या फोनमध्ये! आणि ओटा म्हणजे रॅम: १२८ एमबी, त्यातली बरीचशी फोन सुरू होतानाच प्रणालीने आणि मुख्य पडद्यावरच्या विजेट्सनी व्यापलेली. प्रोसेसर ४३४ मेगाहर्ट्झचा. त्याच महिन्यात आलेल्या आयफोन ३जीएसची रॅम बरोबर दुप्पट, २५६ एमबी होती.

आता पाचही तक्रारी लावून बघा. ओट्यावर जागा नाही म्हणून दुसरं पातेलं ठेवताना पहिलं खाली उतरवावं लागतं: ब्राउझर बंद, ॲप गायब. मांडणी भरली म्हणून नवा डबा ठेवता येत नाही: मेमरी फुल. आणि रिकामा माळा वर तसाच पडलेला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे फारच चिडवणारं, कारण ज्या आकड्यासाठी त्याने पैसे मोजले तोच आकडा त्याला रिकामा दिसतोय.

मग लोकांनी स्वतःच उपाय शोधले आणि एकमेकांना सांगितले. मेसेजची साठवण ‘ई’ वर हलवा, ब्राउझरची साठवण रोज पुसा, ॲप टाकताना विचारलं की ‘ई’ निवडा, मुख्य पडद्यावरची विजेट्स कमी करा. हे सगळं उपयोगी होतं. पण मित्रांनो, गिऱ्हाईक आपला माल चालवण्यासाठी युक्त्या शोधायला लागला, की ती आपल्याला आलेली सगळ्यात नेमकी तक्रार असते. त्या युक्त्यांची यादी केली असती तर दुरुस्तीची यादी आपोआप तयार होती.

नोकियाने काही केलं नाही असं नाही. २००९ च्या शेवटच्या महिन्यांत सॉफ्टवेअरची मोठी सुधारणा आली, पडदा बोटाने सरकवणं बरंच सहज झालं. सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या एन९७ मिनीत कॅमेऱ्यावरचं ते झाकण काढून टाकलं आणि ३२ जीबीचे चक्क ८ जीबी केले, पण अंतर्गत जागा वाढवली. लक्षात घ्या, पत्रकावर मिनी कमी दिसत होता आणि हातात जास्त बरा होता! मात्र आधी विकलेल्या एन९७ ची रॅम सॉफ्टवेअरने वाढणार नव्हती. २०१० मध्ये नोकियाचे वरिष्ठ अधिकारी आन्सी वान्योकी यांनी जाहीरपणे कबूल केलं की एन९७ ने वापरण्याच्या अनुभवात ग्राहकांची मोठी निराशा केली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या माणसाने असं बोलणं ही साधी गोष्ट नाही, मला त्यांचं कौतुकच वाटतं. पण तोवर गिऱ्हाइकाने पुढचा फोन कुठला घ्यायचा ते ठरवलं होतं.

जी१ चं काय झालं, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. त्यालाही सरकता कीबोर्ड होता, आणि दोष ढीगभर. हेडफोनची नेहमीची पिन नाही, बॅटरी ११५० एमएएच, पडद्यावर कीबोर्डच नाही, म्हणजे दोन शब्द लिहायलाही फोन उघडा. व्हिडिओ काढता यायचा नाही. पण एप्रिल २००९ मध्ये अँड्रॉइड १.५ आलं आणि पडद्यावरचा कीबोर्ड व व्हिडिओ दोन्ही त्याच जुन्या फोनवर मिळाले. ज्याने आधीच पैसे दिलेत त्यालाच काहीतरी जास्तीचं मिळालं, त्यामुळे लोक बाकीच्या दोषांकडे जरा प्रेमाने बघायचे. अर्थात जी१ ची अंतर्गत जागाही तोकडीच होती, आणि अधिकृत सुधारणा १.६ ला येऊन थांबल्या. अरुंद ओटा कोणालाच सोडत नाही.

डब्याच्या ताईंकडे परत

त्यांना मी सांगितलं, बंद केलेल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करा, बचाव करू नका, त्यांचं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहा. अकरा फोन झाले. “भाजी तिखट असते” असं दोघांनी सांगितलं. ती आवड, सोडून दिली. एक जण गावाला गेला होता. बाकीच्या आठ जणांची वाक्यं खरंच वेगवेगळी होती: पोळी ओली लागते, आमटी कमी असते, पिशवीला वास येतो, ऑफिसात कागदांवर डाग पडला, वरण नेहमी गार असतं.

ताई म्हणाल्या, पोळीचं पीठ बदलू का? मी म्हटलं, एक रिकामा डबा घ्या, अर्धा पाणी भरा, पिशवीत घालून स्कूटरवर एक फेरी मारून या. परत आल्या तेव्हा पिशवी ओली होती. झाकणाचे वायसर सैल झालेले होते. आमटी सांडत होती म्हणून कमी भरायची, हवा शिरत होती म्हणून वरण गार, सांडलेली आमटी पोळीत. पाच तक्रारी, एक वायसर! चौदा वैशिष्ट्यांच्या पत्रकात झाकणाचा कुठे उल्लेखही नव्हता, आणि असायचं कारणही नाही.

त्यांनी सगळे वायसर बदलले आणि बंद केलेल्या आठही घरी एक दिवसाचा डबा फुकट पाठवला. पाच जण परत सुरू झाले. तिघे नाही आले, त्यांनी दुसरीकडे डबा लावला होता.

आता तुमचं काम. या आठवड्यात सोडून गेलेल्या किमान दहा गिऱ्हाइकांशी बोला. वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहा, तुमच्या शब्दांत नको. आवडीनिवडीची वाक्यं बाजूला काढा. उरलेल्यांपुढे एकच प्रश्न लिहा: ही दोन-तीन वाक्यं एकाच जागेवरून आली असतील का? आणि ती जागा कागदावर शोधू नका. आपला माल स्वतः विकत घेऊन, गिऱ्हाइकासारखा महिनाभर वापरून बघा. पुढच्या व्हिडिओत तुमच्यापैकी तिघांच्या वह्या घेऊन बसणार आहे, नावं न सांगता. ज्यांना चालेल त्यांनी पानांचे फोटो पाठवा, अक्षर वाचता येईल असं काढा म्हणजे झालं.