पावसाच्या गावात कोरडी विहीर

तुमच्यापैकी जे घाटकोपर, भांडुप किंवा मुलुंडला राहतात त्यांना पाण्याचे प्रचंड नळ काही नवे नाहीत. काही तर इतके मोठे, की आत माणूस सहज उभा राहील. हे नळ कोठून येतात ते पाहायचे असेल, तर या उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबाबांबरोबर कसाऱ्याकडच्या डोंगरातील एखाद्या पाड्यावर जा. मुलुंडहून कसाऱ्याची गाडी पकडा. आसनगाव मागे पडले, की उजव्या हाताला भातसा आणि डाव्या हाताला तानसा असे दोन मोठे जलाशय आहेत. गाडीतून ते दिसत नाहीत. पण आज सकाळी तुम्ही तोंड धुतले ते पाणी बहुधा यांपैकीच एकाचे असेल.

मुंबईची तहान पूर्वी उपनगरातच भागत असे. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. शहर वाढले तशी ही तळी अपुरी पडली आणि नळ डोंगराकडे निघाले. १८९२ साली तानसा, १९५७ साली मोडकसागर, पुढे ऊर्ध्व वैतरणा व भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसाचे असते.

आता पाड्यावर चला. कसाऱ्याहून जीप मिळते तेथवर जीपने, पुढे पायी. वर पोचलात, की पहिल्यांदा दिसेल ती विहिरीजवळ लागलेली हंड्यांची रांग. तानसा, मोडकसागर आणि भातसा हे तिन्ही जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील गावांना कित्येक उन्हाळ्यांत टँकरने पाणी द्यावे लागले आहे. पाहुणे म्हणून तुम्हाला अंघोळीला बादलीभर पाणी मिळेल. ते कोणी, किती लांबून आणले, हे आधी विचारा.

येथे पाऊस कमी पडतो काय? मुळीच नाही. समुद्रावरून आलेले दमट वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर जाताना थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे पाणी होते. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला तो याहूनही जास्त असतो.

मग पाणी जाते कोठे? घाटातल्या रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहा. काळ्या खडकाचे थर एकावर एक रचलेले दिसतील. मधूनच एखादा तांबडा पट्टाही दिसेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, त्याचे हे थर. या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. वाळूच्या दाण्यांमध्ये असते तशी मोकळी जागा त्याच्यात फारच थोडी. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, मऊ झालेल्या भागात आणि फटींत. खाली घट्ट थर लागला, की ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते.

यात उताराची भर पडते. घरी हा प्रयोग करा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. थेंब पुन्हा पडू लागतील! स्पंजात पाणी तेवढेच होते. त्याची उभी उंची वाढली, म्हणून वजनाचा जोर वाढला आणि ते सुटले. डोंगर म्हणजे असा उभा धरलेला स्पंज, आणि तोही पातळ. सपाटीवरची विहीर मे महिन्यात तग धरते आणि डोंगरातला झरा त्याआधीच आटतो, यामागे हे एक मोठे कारण आहे.

झरा चालू असेल तर मोजमाप करा. हंड्यात किती लीटर मावते ते बाटलीने मोजा आणि तो भरायला लागलेली मिनिटे घड्याळात पाहा. समजा, १५ लीटरचा हंडा १० मिनिटांत भरला. म्हणजे तासाला ९० आणि दिवसाला २,१६० लीटर. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लीटर पाणी मिळावे, असे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ठरवले आहे. या मापाने आपला झरा जेमतेम ३९ माणसांना पुरतो, आणि तोही रात्रभर कोणी हंडे बदलत बसले तरच. पाड्यावरच्या बाया मध्यरात्री पाण्याला का जातात, ते या भागाकारात दिसते.

आता छपराचे गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लीटर पाणी होते. २० चौरस मीटरचे छप्पर आणि २,५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५०,००० लीटर! पाच माणसांच्या घराला पिण्यास, रांधण्यास व भांड्यांना मिळून रोज १०० लीटर लागले, तर कोरड्या आठ महिन्यांना, म्हणजे २४० दिवसांना, २४,००० लीटर पुरतील. त्यासाठी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल टाके हवे. अडचण पावसाची नाही, साठवणीची आहे. आणि एवढे टाके बांधायला पैसा लागतो.

‘धरण खाली, पाडा वर, पाणी चढवायचे कसे?’ असे कोणी म्हणेल. तेही मोजू. १,००० लीटर पाणी २०० मीटर चढवायला सुमारे १९ लाख ६० हजार जूल ऊर्जा लागते. म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज. पंपातील नुकसान धरून एक युनिट म्हणा. तेवढ्यात घरचा पंखा दहाबारा तास फिरतो. तेव्हा वीज हा खरा अडसर नव्हे. विखुरलेल्या पाड्यांपर्यंत नळ कोणी टाकायचे आणि पंप बिघडला तर कोणी दुरुस्त करायचा, हे प्रश्न जास्त अवघड आहेत, आणि त्यांची उत्तरे या सूत्रांत सापडत नाहीत.

परत निघण्यापूर्वी पाड्यावरच्या एखाद्या आजींना एवढे विचारा : ‘आजी, तुमच्या लहानपणी ही विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरायची?’ उत्तर वहीत तारखेसह लिहा. शेजारी झऱ्याचे माप आणि हंड्याचे वजन लिहा. पुढच्या मे महिन्यात गेलात, तर त्याच झऱ्याचे पुन्हा माप घ्या.