आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन विद्यावृत्ती : स्वरूप आणि काही अनुभव

वार्षिक अहवालाच्या या पृष्ठांत आम्ही दरवर्षी एखादा अभ्यासविषय मांडतो. यंदाचा विषय आम्हांस आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांनीच सुचविला. फेब्रुवारी-मार्च उजाडला की परिसरातील वैद्यकीय, आयुर्वेद, परिचर्या व भौतिकोपचार महाविद्यालयांतील मुले-मुली, कधी पालकांसह, रुग्णालयाच्या कार्यालयात येतात आणि विचारतात, “सुट्टीत संशोधन करता येईल का?” थोड्या वेळाने, आवाज उतरवून, दुसरा प्रश्न येतो, “त्यासाठी काही मानधन मिळते का?” या दुसऱ्या प्रश्नात संकोचण्यासारखे काही नाही. ज्याच्या घरी सुट्टीतील मजुरीवाचून अडत नाही त्यालाच संशोधन परवडावे, अशी स्थिती असू नये म्हणूनच विद्यावृत्त्या निर्माण झाल्या आहेत.

पदवीही न मिळालेला विद्यार्थी दोन महिन्यांत काय संशोधन करणार, अशी शंका आमच्या काही सहकाऱ्यांनाही वाटते. त्यांच्यासाठी १९०६ सालचे एक उदाहरण देतो. इंग्लंडमधील केंट परगण्यात शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांच्या ग्रामीण घरी मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीय विद्यार्थी उन्हाळ्यात काम करीत होता. एके दिवशी कीथ पतिपत्नी सायकलवरून फेरफटका मारून परतले, तेव्हा चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या ‘मोल’ या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयाचे सूक्ष्म छेद तपासत बसलेल्या फ्लॅकने उजव्या कर्णिकेतील एक वेगळीच रचना त्यांना दाखविली. हृदयाच्या ठोक्यांचा उगम ज्या गाठीतून होतो ती हीच. दोघांच्या नावाने हा शोध १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांना आज लँगरहॅन्सची द्वीपे म्हणतात, त्यांचे वर्णनही पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये बर्लिनमध्ये विद्यार्थिदशेतील प्रबंधातच केले होते. त्या पेशींचे कार्य काय, हे मात्र त्यांना सांगता आले नव्हते. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग यांच्यासोबत इन्सुलिनवर काम करणारे चार्ल्स बेस्ट हेही नुकतीच पहिली पदवी पूर्ण केलेले विद्यार्थी होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले, बेस्ट यांना नाही. बँटिंग यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. मार्गदर्शकांनी हा प्रसंग विसरू नये. निबंध छापला जातो तेव्हा घरोघर फिरलेल्या विद्यार्थ्याचे नाव शेवटी जाते किंवा गळतेच, असे आम्ही पाहिले आहे.

आपल्या देशात या प्रकारची सर्वांत जुनी व परिचित योजना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, अर्थात आयसीएमआरची, अल्पकालीन विद्यावृत्ती होय. ती १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएस व बीडीएसचे विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा प्रकल्प आखतात. प्रस्ताव तज्ज्ञांकडून तपासला जातो, निवड झाल्यावर काम होते, अहवाल पाठविला जातो, आणि तो मान्य झाल्यानंतरच विद्यावेतन व प्रमाणपत्र मिळते. हा शेवटचा मुद्दा पालकांनी नीट लक्षात घ्यावा, पुढे त्याकडे आम्ही परत येणार आहोत. बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये ‘स्पार्क’ ही योजना सुरू केली. तीत दोन महिन्यांसाठी दरमहा २५,००० रुपये ठेवण्यात आले. वेळापत्रके दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या परिषदेच्या संकेतस्थळावरील सूचनाच प्रमाण मानावी.

आमच्या रुग्णालयाला स्वतःचे महाविद्यालय नाही. त्यामुळे आयसीएमआरची विद्यावृत्ती आमच्याकडील कामासाठी मिळू शकत नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या विद्यार्थ्यांना न्यासाच्या एका लहानशा निधीतून मानधन दिले जाते. मात्र प्रस्ताव आम्ही तितक्याच काटेकोरपणे तपासतो, आणि बहुतेक प्रस्ताव एकाच ठिकाणी अडखळतात : प्रश्न फार मोठा असतो.

समजा, एका विद्यार्थिनीने लिहिले, “ग्रामीण मधुमेही रुग्णांच्या औषधोपचाराचा अभ्यास.” हा विषय आयुष्यभर पुरेल. आम्ही तिला विचारतो, तुला नेमके काय खटकले? ती सांगते, आमच्या गावात पुष्कळ घरांत फ्रीज नाही, मग इन्सुलिनची कुपी ठेवतात कुठे? येथे प्रश्न सापडला. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वापरातील कुपी साधारणतः ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते, आणि गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. मे महिन्यात जेथे पारा चाळिशी ओलांडतो, तेथे कुपी माठाशेजारी आहे, देव्हाऱ्यात आहे की पत्र्याच्या कपाटात, यावर औषधाचा गुण अवलंबून आहे. “आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या इन्सुलिनधारकांपैकी किती जण वापरातील कुपी योग्य रीतीने ठेवतात?” हा प्रश्न दोन महिन्यांत सुटू शकतो.

सुटू शकतो की नाही, हे आकडेमोडीने ताडून पाहावे. प्रमाण आधी ठाऊक नसेल तर ५० टक्के धरावे व दहा टक्क्यांची चूक स्वीकारावी. मग ४ × ५० × ५० भागिले १० × १०, म्हणजे १०० रुग्ण हवेत. मधुमेह चिकित्सा आठवड्यातून दोन दिवस असेल तर आठ आठवड्यांत सोळा दिवस मिळतात, म्हणजे दर दिवशी सहा-सात इन्सुलिनधारक भेटले पाहिजेत. तितके येत नसतील तर प्रश्न बदलावा किंवा अपेक्षित अचूकता कमी करावी. मात्र रुग्णसंख्या कागदावर फुगवू नये. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला सलग दोन महिने मोकळे क्वचितच मिळतात. त्याने तासिका सांभाळून उरणारे दिवसच मोजावेत.

नीतिविषयक समितीची मान्यता हा अनेकांना केवळ सहीचा विषय वाटतो. प्रश्नावलीच तर आहे, तिने कोणाचे काय बिघडणार, असे म्हटले जाते. तरीही वरील उदाहरणातच विद्यार्थिनीपुढे पेच उभा राहतो. एखाद्या घरी कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली तिला दिसली, तर ती नोंद करून उठेल काय? तेथेच सांगितले तर रुग्णाची सवय बदलेल आणि पुढील भेटीतील नोंद अभ्यासाच्या दृष्टीने ‘शुद्ध’ राहणार नाही. आमचे मत निःसंदिग्ध आहे : नोंद करावी, लगेच सांगावे, कुपी बदलून देण्याची व्यवस्था करावी, आणि हे सर्व असेच होईल असे प्रस्तावातच लिहावे. संमतिपत्र रुग्णाच्या बोलीला जवळच्या मराठीत असावे. नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य विद्यार्थ्याने स्वतः वाचून दाखवावे. समितीची बैठक रोज होत नाही. मान्यतेपूर्वी गोळा केलेली माहिती वापरता येत नाही, म्हणून मे महिन्यातील कामाचा अर्ज मेमध्ये करून चालत नाही.

आता आमच्या एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी परिचर्या शाखेचा एक विद्यार्थी याच विषयावर काम करण्यास आला. तीन आठवडे नियमित आला आणि एके सोमवारपासून येईनासा झाला. आमच्या अंतर्गत टिपणात “चिकाटीचा अभाव” असा शेरा लिहिला गेला. पुढे परिचारिका प्रमुखांनी चौकशी केली तेव्हा समजले की तो रोज दोन बसगाड्या बदलून येत असे, आणि दरवर्षी सुट्टीत एका मंडपवाल्याकडे काम करून वसतिगृहाचे पैसे जमवीत असे. मोठ्या योजनांचे अनुकरण करून आम्हीही मानधन अहवालानंतर देण्याचे ठरविले होते. लग्नसराई संपत आली होती आणि त्याला जून गाठायचा होता. तो शेरा आम्ही खोडला. परंतु त्याचे ते वर्ष परत देणे आमच्या हाती नव्हते.

त्याने भरलेले तक्ते मात्र त्याने संमतिपत्रांसह दोऱ्याने नीट बांधून परत पाठविले होते. ते चाळताना एका तक्त्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आढळले : “कुपी बर्फाच्या कप्प्यात. सांगितले. नवी मिळेपर्यंत सिस्टरना कळवले.” नोंदवहीशी ताडून पाहता त्या रुग्णास त्याच दिवशी दुसरी कुपी दिली गेल्याचे दिसले.

त्यानंतर विश्वस्त मंडळाने नियम बदलला. मानधन दर पंधरवड्यास दिले जाते, बसभाडे वेगळे व आगाऊ मिळते, आणि काम अपुरे राहिले तरी झालेल्या दिवसांचे पैसे कापले जात नाहीत. येत्या उन्हाळ्यासाठी एका पानाचा प्रस्ताव मार्गदर्शकाच्या सहीसह जानेवारीअखेर कार्यालयात द्यावा. प्रश्न सुचत नसल्यास मधुमेह चिकित्सेच्या दिवशी सकाळी येऊन बाकावर दोन तास बसावे. परिचारिका प्रमुखांना तसे सांगून ठेवले आहे.